एकाच दिशेने

डिसेंबरातल्या एका मंगळवारी
ग्वांगजूच्या इस्पितळातून नवा गुडघा घेऊन आलेली आई
बोलग्यो स्टेशनामागच्या चुन्ह्वाच्या खाणावळीत
पहिल्यांदाच गिऱ्हाईक म्हणून शिरली.

बाकी सगळे जमिनीवर, मांडी घालून.
तिच्यासाठी सोकगूनं गल्ल्यामागची खुर्ची काढली,
दोन क्रेट रचून वर फळकूट टाकलं.
आई म्हणाली, परीक्षेला बसवलंत मला.

एकतीस हिवाळे तिनं हे खुबे उपसले.
सुकतीला खाजणात फळी ढकलत जायची,
डावा गुडघा फळीवर, उजव्या पायाचं वल्हं,
आणि चिखल असा की थांबलं तर धरून ठेवतो.
मोजून विकायची सगळे. घरी यायचे ते फुटके.
पैसे मोजून खुबे खाणं
म्हणजे स्वतःच्या विहिरीवर तिकीट काढणं.

ताट आलं. मुळ्याची किमची, शेवाळाची कोशिंबीर,
खुब्यांचं धिरडं, कडेनं जळकं, मला हवं तसं.
आणि मधे पितळी परातभर खुबे, वाफाळते,
अंगावर नांगरटीसारख्या रेघा.

आईनं एक उचलला.
बिजागरीत चमचा घातला, मनगट वळवलं.
टक्.
मांस दोन्ही शिंपांना थोडं थोडं चिकटलेलं,
मधे फाटलेलं.
तिनं दुसरा उघडला. तिसरा.
मग काठी घेतली, आणि माझं 'आई, नको ना'
पडद्याच्या अलीकडेच राहिलं.

आतून ऐकू येत होतं:
'दोन्हीकडून ढवळलेस.'
'गर्दी होती हो, ओकबुनबाई.'
'गर्दी तुला. त्यांना काय त्याचं?
उकळी फुटली की तांब्याभर गार पाणी. मग खुबे.
मग एकाच दिशेनं.'
'घड्याळासारखं?'
'उलटंही चालेल. पण मग उलटंच.
मधे मन बदलायचं नाही.'

शेजारच्या पंगतीतले रेल्वेवाले प्यो
आपल्या परातीवर हात आडवा धरून बसले.
'आमचे परत नेऊ नका,' म्हणाले, 'फाटलेले आवडतात आम्हाला.'
मी एकटीनं धिरडं संपवलं. सूप निवलं.
शाळेत असताना बसमध्ये मी
तिच्या दोन सीट पुढे बसायचे, वास नको म्हणून.
आता इंचनच्या ऑफिसात कधी कधी
भर दुपारी तोच वास येतो,
आणि खिडक्या तर उघडतच नाहीत तिथल्या.

दुसरी परात घेऊन आई स्वतः आली,
कपाळाला घाम, मागून सोकगू काठी सांभाळत.
टक्. टक्.
आता प्रत्येक जीव एकाच शिंपेत अखंड,
भोवती तांबडा रस, रक्तासारखा,
खारट, लोखंडी, आणि शेवटी जराशी गोडी,
जी शोधायला पुन्हा एक उघडावा लागतो.
मला चमचा जमत नव्हता.
तिनं शिकवलं नाही. नुसते उघडून
माझ्या बाजूला सरकवत राहिली,
बोलता बोलता, न बघता.

तळाशी एक उघडेना.
मी जोर केला. 'ठेव तो,' ती म्हणाली,
'आत नुसता चिखल असणार. दर खेपेला एखादा असतोच.'
तो तिनं रिकाम्या शिंपांवर ठेवला,
जपून, का कोण जाणे.

चुन्ह्वानं पुरे पैसे घेतले. एकही वॉन सोडला नाही.
बाहेर आल्यावर आई खूश होती:
'हिशोबाला पक्की आहे. ढवळायलाही शिकेल.'

पुलावर थांबलो. खाली पाणी मागे सरत होतं,
गाळाची पहिली चमक उघडी पडत होती.
आईनं कठड्याला हात टेकून बघितलं
आणि म्हणाली, 'अडीच वाजले.'
माझ्या घड्याळात दोन चोवीस.
मी काटा पुढे सरकवला.