दोन पानं खाली

पौष अर्धा सरला. कसबा बावड्यात
कारखान्याची काजळी रोज सकाळी गच्चीवर उतरते.
शेवंतीच्या पिवळ्यावर जळक्या चिपाडाची भुकटी,
फुंकर मारली तर उडते,
बोट लावलं तर बसते.

मालन खुर्चीत. उजव्या गुडघ्यात नवी वाटी,
दीड महिना वाकायचं नाही म्हणालेत डॉक्टर.
म्हणून यंदा कात्री माझ्या हातात
आणि तोंड तिचं.

'तितं न्हवं. मानंला न्हाई कापायचं.
दोन पानं खाली या. डोळा दिसतोय?
त्याच्या वर. तिरकं.'

डोळा कळतो मला. उसाला असतो तसाच.

एकतीस वर्षं शिरोलीत फेटलिंगला होतो.
साच्यातून निघालेल्या कास्टिंगला
कडेनं फुटलेले कान, शेपट्या, डोक्यावरचा रायझर,
सगळं घणानं उडवायचं, मग ग्राइंडर.
खाली उरतं ते कामाचं,
उडवलेलं परत भट्टीत.
तिथं हात कधी अडला नाही.
इथं वाळलेलं एक फूल चिमटीत धरलं
तर वजनच लागत नाही,
आणि कात्री थांबते.

थांबली, आणि भलतीकडेच मिटली.
कळी गेली.
हिरवी, घट्ट, शर्टाच्या गुंडीएवढी.
हळूच खिशात टाकली.

'टाकलासा न्हवं खिशात? बघिटलं मी.'

बादली निम्मी भरल्यावर विचारलं,
हे कशासाठी गं करायचं?
ती म्हणाली, बी धरलं की झाड निवांत हुतंय.
काम झालं म्हणतंय आपलं.
त्येला निवांत हुऊ द्यायचं न्हाई,
मग ते परत फुलतंय.
फशिवायचं. दुसरं काय?

मी कात्रीचं पातं लुंगीला पुसलं. दोनदा.

निरोप समारंभ माझे दोन झालेत.
नारळ, हार, फेटा, मालकांच्या शेजारी फोटो,
आणि पंधरवड्यानं साबणे सुपरवायझरचा फोन:
पोरं नवी हाईत मामा, हात बसला न्हाई त्यांचा,
सहा महिनं या फकस्त.
सहाचे चौदा झाले, मग दुसरा नारळ.
फेटे दोन्ही कपाटात आहेत,
एक गुलाबी, एक कुठल्यातरी रंगाचा.
कालपासून साबण्याचे तीन मिस्ड कॉल.

ऊन कठड्यावर आलं.
शेवटची कुंडी, तांबडी शेवंती,
नऊ वर्षांमागं वडणग्याच्या नर्सरीतून
केएमटीत मांडीवर धरून तिनं आणलेली.
दांडे आता लाकडागत झालेत,
गोंडे सगळे करपलेले, एकही ओला नाही.
दोन पानं खाली गेलो. डोळा शोधला. तिरकी धरली.

'ऱ्हाऊ दे ती.'

का?

'ऱ्हाऊ दे म्हटलं न्हवं.'

खिशात फोन थरथरला, कळीला घासून.
'कुणाचा ओ?'
साबण्याचा.
'मग?'

कात्री मिटून कुंडीच्या कडेवर ठेवली.
काजळी उतरतच होती.
तांबड्या वाळक्या गोंड्यावर एक कण येऊन बसला,
आणि मला फुंकर मारायची सुचलं नाही.