काळ्या पावाचे कार्बन

कोह्तला-यार्वेत डिसेंबरात तीनलाच दिवस मिटतो.
रात्रशाळेत आम्ही सातजण:
चौघं तेलखडकाच्या खाणीतले, दोघी फिनॉल कारखान्यातल्या,
आणि तावेत, ज्याला फक्त गरम खोली हवी होती.

माइमुबाईंनी पेटी उघडली, तर मॉडेलचे गोळे गायब.
नेले असतील कुणी पोरांना खेळायला.
बाई जरा वेळ गप्प. मग पिशवीतून
स्वतःच्या जेवणाचा पाव काढला,
काळा, ओलसर, शहाजिरं घातलेला.
मळा, म्हणाल्या. सुपारीएवढ्या गोळ्या वळा.
हा कार्बन.
भिजलेले वाटाणे, हायड्रोजन.
आगकाड्या म्हणजे हात.
आणि डब्याच्या तळाशी दोन क्रॅनबेऱ्या, लालभडक:
ऑक्सिजन. जपून. दोनच आहेत.

कार्बनला हात चार.
एकही रिकामा राहिलेला त्याला खपत नाही.
वासिलीनं पाचवी काडी खुपसली,
गोळी दुभंगली.
बघा, बाई म्हणाल्या, पावालाही कळतं.

आणि वहीत अधिकचं चिन्ह काढून मोकळे होऊ नका.
हे चार हात एकमेकांपासून
होता येईल तितके दूर होतात,
एका खोलीत राहणाऱ्या चार भावांसारखे.
टेबलावर ठेवा: तीन पाय खाली, एक वर.
हा मिथेन. गावामागच्या दलदलीत
बुडबुडे येतात ना, तोच.

मग दोन गोळ्या, सहा वाटाणे, एक क्रॅनबेरी.
अर्कादीनं क्रॅनबेरी कडेला टोचली,
मी दोन गोळ्यांच्या मधोमध.
तुझं चुकलं, तो म्हणाला. तुझंच, मी.
बाईंनी दोन्ही उचलून दिव्याखाली धरली.
अर्कादी, तुझी तुमच्या शनिवारच्या बाटलीत असते.
रिम्मा, तुझी बाटलीत थांबायचीच नाही,
बूच काढलं की उडाली, वायूच तो.
सामान तेच, मोजून घ्या. मांडणी निराळी.
फळ्यावर लिहिलं: समघटक.
तावेतनं पहिल्यांदा वही उघडली.

खिडकीबाहेर राखेचा डोंगर, त्यावर बर्फ.
आपण जाळतो तो खडक, बाई सांगत होत्या,
पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वी समुद्रातलं शेवाळ होता.
इतकी वर्षं कार्बननं कार्बनचा हात धरून ठेवला,
आणि आपण आठ तासांच्या पाळीत सोडवतो.
कुणी हसलं नाही. मला वाटतं, त्या हसवत होत्या.

शेवटी दोन कुप्या.
दहा कार्बन, चौदा हायड्रोजन, एक ऑक्सिजन,
दोन्हीत हेच, जोडण्याही त्याच क्रमानं.
हुंगा.
पहिली: पाव, अर्कादी लगेच म्हणाला, बाई, हे तर शहाजिरं!
दुसरी: पुदिना. टूथपेस्ट.
मग फरक कुठाय?

बाईंनी हात टेबलावर ठेवले, पंजे पालथे.
एकावर एक ठेवून दाखवा, अंगठे जुळवून.
आम्ही सातही जण ठेवत बसलो.
अर्कादीच्या डाव्या पंज्याला दोन बोटं कमी,
पट्ट्यात गेलेली; तोही ठेवत होता.
जमत नाही, म्हणाला, माझं तर मुळीच नाही.
बाई म्हणाल्या, कुणाचंच जमत नाही.
आरशातला जुळा आहे तो.
आणि आपल्या नाकातही मोजे आहेत, डावे नि उजवे.
ज्याचा हात त्याच्या मोज्यात.

साडेनऊचा भोंगा झाला.
आवरताना तीन कार्बन कमी भरले.
तावेतच्या तोंडात शहाजिऱ्याचा वास.
बाईंनी मोजणी तेवढ्यावरच सोडली.

बस थांब्यावर खिशात हात घातला,
माझा डावा हातमोजा कुठे पडला कोण जाणे.
उजवा डाव्या हातात चढवून पाहिला:
अंगठा भलत्याच ठिकाणी, तळवा पाठीवर.
उणे एकोणीस होतं.
तसाच घालून ठेवला.