ओलं वजन

हर्णैच्या बंदरावर माझा बाप लिलावाचा काटा धरायचा.
चार वाजता होड्या लागत, वाळूवर टोपल्या येत,
सुरमई, हलवा, ढोमी,
आणि बर्फाचं पाणी, सगळ्यांच्या तळाशी
गुपचूप वजन वाढवणारं.
तो टोपली निथळू द्यायचा. व्यापारी खोळंबत, शिव्या देत.
"ओल्या वजनावर भरवसा ठेवू नको गो, मथू.
पाणी सगळ्यात आधी खोटं बोलतं."
मग माशाच्या पाठीत अंगठा रुतवायचा, उचलायचा.
खळगा भरून आला तर ताजा.
राहिला तर राहिला.

माझ्या फीसाठी त्यानं होडीतली पाती विकली.
मिरजेला पुस्तकात तेच होतं, फक्त इंग्रजीत:
दोन्ही पावलं, अंगठा, तीन सेकंद.
मी वर्गात एकटीच हसले.

पुढे चाळीस वर्षं
गोवराच्या मागे, पटकीच्या मागे.
विमानतळावर विचारत, कशासाठी आलात?
मुलांसाठी.
किती मुलं?
मोजून सांगते.

मलावीत, न्सान्जेला, शिरे नदी गावात शिरली त्या वर्षी
आंब्याच्या फांदीला काटा टांगला होता.
तोच आकडा, तीच गोल तबकडी,
फक्त चड्डीसारख्या पिशवीत लोंबकळणारं मूल.
तापिवा. तीन वर्षांची. गोवर येऊन गेलेला.
गाल गुबगुबीत, केस तांबूस, वजन सव्वादहा.
तिची आई खूश होती, नवा परिचारक खूश होता.
मी पावलावर अंगठा ठेवला.
खळगा राहिला.
त्यात एक चिंचोका बसला असता.

दर तीन तासांनी दूध, चमच्यानं, रात्रीसुद्धा.
आठव्या दिवशी पावणेनऊ.
आईनं काट्याला शिवी दिली, मग मला:
पोर खंगतंय आणि ही बाई हसते!
दुभाष्याला सांगता सांगता मी मराठीत गेले,
बाई, पाणी उतरलं गो,
आता उरलंय ते तिचं आहे.
त्यानं काय भाषांतर केलं कोण जाणे.
तिनं चमचा पुन्हा हातात घेतला.

सगळ्यांचं उतरलं नाही.
त्यांची नावं वहीत आहेत, वही कपाटात आहे,
किल्ली कुठे आहे ते मला माहीत आहे.

नंतर जिनिव्हा. सातवा मजला, तक्ते, टक्के.
तिथे कुणी काही निथळू देत नसे,
आकडे ओलेच पुढे जात.
मी सहा वर्षं सह्या केल्या.

त्याच दिवसांत एका मे महिन्यात घरी आले.
बाप ओटीवर, पाय पाटावर.
"बरा आहे मी. जाड झालोय बघ."
मी वाकले.
नमस्कार करतेय असं वाटून त्यानं
आशीर्वादाला हात उचलला.
मी दाबलं. एक. दोन. तीन.
मग आम्ही दोघं त्या खळग्याकडे बघत बसलो,
त्याचा हात अजून वरच.
"शिळा झालो गो," तो म्हणाला
आणि बंदरावर हसायचा तसा हसला,
व्यापाऱ्याची लबाडी पकडल्यावर.

आता मंगळवारी पाजपंढरीच्या अंगणवाडीत जाते.
काटा बॅटरीवरचा, लाल आकड्यांचा,
आकडा रुबीनाच्या मोबाइलमध्ये जातो,
तिथून तालुक्याला, तिथून आणखी कुठे,
बहुतेक एखाद्या सातव्या मजल्यावर.
"बारा किलो शंभर," रुबीना म्हणते, "हिरव्यात आहे मॅडम. पुढचं घेऊ?"
पोर थेट समुद्रातून उचलून आणलेलं,
केसांत वाळू, चड्डीतून धार,
काट्याखाली तळं साचत चाललेलं.
बाहेर आया खोळंबल्यात, एकीची भाकरी तव्यावर आहे म्हणे.

थांब, म्हटलं.
निथळू दे जरा.