अशील गैरहजर

आर्वेद लुहासो, वकील, विल्यांदी गावचा.
पहिला खटला एका गाईचा:
शेजाऱ्याच्या ओटमध्ये शिरली म्हणून.
बर्फ वितळताना कुंपणाचा खांबच
हात-दीड हात सरकला होता,
गाय होती तिथेच चरत होती,
असं तो तीन तास सांगत राहिला. हरला.
अशिलाने तरी फी दिली:
धुरावलेला ईल मासा, वर्तमानपत्रात गुंडाळून.

पुढे परराष्ट्र खात्यात कुणी म्हणालं,
याला इंग्रजी येतं.
म्हणून चाळीस सालच्या उन्हाळ्यात तो लंडनमध्ये होता,
चौथा मजला, दोन खोल्या, एक टंकलेखिका,
आणि मागे देश उरला नाही.

तार आली. किल्ल्या, शिक्के, दप्तर
नव्या सरकारच्या हवाली करा. परत या.
त्याने ती दोनदा वाचली. सही कुणाची,
अधिकार कुठल्या कलमाखाली.
मग हेल्मी वारेसला म्हणाला,
"आवक नोंदवा. जावक नाही."
बायको विल्यांदीलाच होती. हे तो बोलला नाही.

आपल्या जुन्या कागदांत वकील म्हणजे
परक्या दरबारात जाऊन बसलेला माणूससुद्धा.
शब्द एकच, कोटातल्याला आणि शेल्यातल्याला.
लुहासोला मराठी कुठून यावी,
पण राहिला तो त्या शब्दातच,
भाडं थकवून.

राजदूतांच्या यादीत त्याचं नाव
शेवटच्या पानावर गेलं, बारीक टायपात.
तो जेवणांना जात राहिला. बोलावलं तर.

कार्डिफहून खलाशी येत,
मुदत संपलेली पारपत्रं घेऊन.
"चालेल का हे, साहेब?"
"कुठे जायचंय त्यावर आहे."
आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत
लिहायचा: आणखी पाच वर्षं.

त्यातलं एक टपालाने परत आलं,
युहान किर्स, वय एकोणीस,
पानं मिठाने फुगलेली,
मुदत अजून चार वर्षं बाकी.
ते त्याने फाइलला लावलं नाही.
कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं,
कोट झिजला तेव्हा दुसऱ्या कोटाच्या.

युद्ध संपलं त्या रात्री खाली रस्त्यात
लोक नाचत होते. खिडकी बंद करून
तो हेल्मीला गाईचा खटला सांगू लागला,
पहिल्यापासून, साक्षीदारांच्या नावांसकट.
खांबापाशी आला आणि गॅस गेला.
तिने अंधारात पर्स चाचपली.
मीटरमध्ये टाकायला शिलिंग नव्हतं.
"पुढे?" ती म्हणाली.