शेवटची थप्पी

प्रत्येक फळीच्या टोकाला तो कागद मीच टोचायचे,
स्टेपलरनं, हातमोजे घालून.
कापताना नाकातोंडाला फडकं बांधा. भुसा गोळा करा.
जाळू नका. जेवणाआधी हात धुवा.
दोन पावसांत शाई उतरायची,
मग कागद जायचा,
आणि लाकडात उरायचे स्टेपलचे दोन दात.

बत्तीस वर्षं या वखारीत आहे मी.
सुपीरियर सरोवराच्या या काठावर सहा महिने बर्फ
आणि उरलेले सहा महिने
बर्फानं काय काय कुजवलं त्याची मोजदाद.
ते हिरवट लाकूड आलं तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं.
तांबं, क्रोमियम आणि सोमल,
दाबानं पार आतवर मुरवलेले.
सोमल हा शब्द कागदावर नव्हता.
तिथं एक लांबलचक नाव होतं,
उंदरालाही कळलं नसतं.

मग पत्र आलं.
एक जानेवारीपासून घरांसाठी विकायचं नाही.
शेताच्या कुंपणाला चालेल, धक्क्याच्या खांबांना चालेल.
बांधलेले ओटे आहेत तसे राहू द्या, घाबरू नका.
घाबरू नका हे दुसऱ्या पानावर होतं.

एकोणतीस डिसेंबरला वाइनो केस्किनेन आला,
ट्रकमागे ट्रेलर जोडून.
"किती उरल्यात?"
"एकसष्ट."
"सगळ्या."
मी पत्राकडे बोट दाखवलं.
"माझी जमीन, माझा ओटा, माझी फुप्फुसं," तो म्हणाला,
"वॉशिंग्टनातल्या कुणी माझ्या दारात कधी पाय ठेवलाय?"
नव्हता ठेवला. खरं होतं ते.
"उद्या सौना किती तापवायचा तेही सांगतील."
फळ्या चढवताना त्यानं एकेक कागद उपटला
आणि खिशात कोंबला, चूल पेटवायला.
मी बिल फाडलं.
एकोणतीस तारीख होती, कायद्यात बसत होतं,
आणि थप्पी हलली म्हणून मालक खूश होता.

ओटा देखणा झाला, हे मान्य करायला हवं.
सरोवराकडे तोंड, एकही खिळा वर आलेला नाही.
तिसऱ्या उन्हाळ्यात त्याची नात ब्रिन
ओट्याखाली घर मांडून बसलेली मी पाहिली.
डब्यांची झाकणं, वाकडा चमचा,
वरून ठिबकून ओल्या झालेल्या मातीचे केक.
एक मला दिला. मी खाल्ल्यासारखं केलं.
तिनं तिचा चाटला.

माझी फुप्फुसं, म्हणाला होता तो.
मला ते आठवलं
आणि मी त्याला काही बोलले नाही.
माझं दुकान, त्याचा ओटा,
मधे एक चार वर्षांची जीभ.

पुढच्या जूनमध्ये तो वखारीत आला.
लाकडावर चढवायचं तेल, दोन डबे.
बारीक जाळी, चाळीस फूट.
"जाळी कशाला?"
"ओट्याखाली स्कंक शिरतात," म्हणाला,
माझ्याकडे न बघता, सुट्टे पैसे मोजत.
त्यानंतर दर दुसऱ्या जूनला दोन डबे.
कुणी सांगितलं नव्हतं. कुठल्याच पत्रात नव्हतं.
सरकारला तो अजून शिव्या देतो,
तेलाचा डबा काखेत धरून.

आणि मी?
चौऱ्याण्णव साली नोकरांच्या सवलतीत
याच लाकडाची चौकट केली मी, अंगणात,
वाळूनं भरली, एरोला त्यात सोडलं.
एरो आता दुलुथला नळ जोडतो, सहा फूट दोन इंच.
त्याला काही झालं नाही.
म्हणजे अजून.
म्हणजे आम्हाला कळेल असं.

एक तुकडा उरलाय, हातभर,
वखारीचं फाटक त्यानं अडवून ठेवते.
जाळायचा नाही. कचऱ्याची गाडी घेत नाही.
कुजेल म्हणावं तर त्यासाठीच तर तो केलेला,
न कुजायला.
रोज सकाळी बुटानं सरकवते.

बूट मी घराबाहेर काढते हल्ली.
पायऱ्यांवर चिखल होतो म्हणून,
असं नवऱ्याला सांगते.