फ्लॅट

स्पॉल्डिंगच्या पुढे जमीन इतकी सपाट
की नुसतं उभं राहिलेलं माणूसही
उगाच उंच वाटतं.

तिथल्या पंपघरात अर्नल्ड स्नीथ
चाळीस वर्षं पाण्याची पातळी लिहितोय.
मार्चमधली एक नोंद, त्याच शाईत :
तीन फूट चार इंच. वारा ईशान्येचा.
मेव्हिस गेली, चार वाजून दहा मिनिटांनी.
दुसऱ्या पंपाला ग्रीस दिलं.

गावात बोलले लोक : फ्लॅट आवाजात सांगितलं त्यानं,
बटाट्याचा भाव सांगावा तसं.

फ्लॅट.
माझ्या भाषेत हा शब्द आला तो
भिंती, हप्ते आणि सोसायटीची मीटिंग घेऊन.
इथं तो बिअरला लागतो, फेस मेल्यावर,
सायकलच्या चाकाला,
आणि माणसाच्या आवाजाला,
ज्यात इतरांना काही सापडत नाही.
कोरडा म्हणू? रुक्ष?
निर्विकार म्हणावं तर तो साधू ठरतो,
आणि अर्नल्ड तर पंपाला शिव्या घालतो
(त्याही एकाच पट्टीत).

मी इथल्या दवाखान्यात श्रवणयंत्रं तपासते.
मेव्हिसचं यंत्र माझ्या हातातलं.
आवाज जरा चढला की तिच्या कानात
पत्रा फाटल्यासारखं व्हायचं.
तिनेच सांगितलं होतं एकदा, हसत :
लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून
हा माणूस ना ओरडला, ना कुजबुजला.
मला ऐकू येईल तेवढ्याच उंचीवर राहिला.

लहानपणी पेटीच्या बाईंनी
काळ्या पट्टीवर माझं बोट ठेवलं होतं :
हा कोमल.
चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवणारी मिसेस क्रॅग
त्याच सुराला फ्लॅट म्हणते.
हे मला इतक्या वर्षांत
कधी एकत्र आठवलं नव्हतं.

काल अर्नल्ड आला. बुटांना चिखल.
खिशातून मेव्हिसची तपकिरी वही काढली.
"तेरा नंबरचे सेल हवेत.
बंद ठेवलं तर बिघडतं ना यंत्र?"
पाण्याची पातळी सांगावी तसं.

बिघडत नाही, मला माहीत आहे.
सहा सेलचं पाकीट दिलं.
वहीत तारीख घातली, संख्या लिहिली,
सही केली.
माझंही अक्षर सरळच आलं.