काळी दोन

पायपेटी शाळेकडून दुरुस्तीला आली आहे.
सोबत चिठ्ठी : सूर उतरले आहेत, मुलींना प्रार्थना फार खाली पडते,
रेडिओच्या पट्टीला आणून द्यावेत.
खाली मुख्याध्यापिकाबाईंची सही.

सूर उतरलेले नाहीत, बाई.
उतरवलेले आहेत.
मीच उतरवलेत, याच कानशीनं,
बुधवारातल्या याच ओट्यावर, दुकानाच्या फळ्या आतून लावून.

अनंता म्हैसकर.
हँडबिलावर हे नाव छापून आलं तेव्हा पेठेत हसू पिकलं :
म्हैसकर म्हणे राजकन्या!
दुसऱ्या खेळापासून मालकांनी आडनाव गाळलं.
पण त्या पहिल्या रात्री पडदा वर गेला
आणि हसायला आलेल्यांची सुपारी गालातच राहिली.
काळी दोन.
वरच्या षड्जावर तो असा उभा राहायचा
जशी नऊवारीतली बाई एका पायावर उभी राहून
दुसऱ्या पायातलं जोडवं सारखं करते,
भिंतीला हात न लावता.

चाली त्याच्या. हँडबिलावर नाव मालकांचं.
एक चाल तांबट आळीतली.
दोघे भाऊ समोरासमोर बसून घंगाळ ठोकत होते,
थोरल्याचे दोन घाव, धाकट्याचे तीन.
हा दाढीला निघालेला, न्हाव्याकडे गेलाच नाही,
उन्हात तिथंच उभा.
रात्री नायिका झपतालात रुसली,
पावडरीखाली गाल हिरवट, आणि वन्समोअर सात.
धाकटा तांबट पिटात बसला होता.
शेजाऱ्याला म्हणाला, हे आमचं घंगाळ.
शेजारी म्हणाला, गप ऐक.

पस्तिशीत एका रात्री तो आला, शालीत तोंड गुंडाळून.
वस्ताद गावाला गेलेले, मी पंधरा वर्षांचा.
म्हणाला, पेटीला सर्दी झालीय.
अर्धा सूर खाली घे. पट्टीचं नाव तेच राहू दे.

पितळी जिभेच्या बुडाशी कानस लावली की सूर उतरतो,
टोकाशी लावली की चढतो.
पितळ दोन्हीकडून कमीच होतं.

दुसऱ्या दिवशी बोट काळी दोनवर, आवाज तिच्या खाली,
आणि थिएटरात कुणाला पत्ता नाही.
सारंगियानं तारा सैल केल्या.
तबलजीनं गट्टे खाली ठोकले आणि त्याला पान लावून दिलं.
एवढंच.

मग आणखी दोनदा आला.
मधल्या काळात बोलपट आले, पडद्याच्या जागी पांढरी चादर,
कंपनी फुटली,
शालू कुणी नेले, खोटे मोती कुणी नेले,
थकलेल्या पगाराबद्दल याच्या वाट्याला पेटी.
तीस रुपयांवर मुलींच्या शाळेत.
पोरींना वाटायचं बुवांचा गळा जन्मापासूनच असा,
गुळाच्या ढेपेसारखा.

शेवटच्या खेपेला मी सांगून टाकलं,
बुवा, आता काळी दोन दाबली की पांढरी एक वाजते.
तो बराच वेळ भाता चालवत बसला, सूर न दाबता.
नुसती हवा.
म्हणाला, वीस वर्षं मी बाई होतो रे.
पेटीलाही थोडं नटू दे.

आज भाता उघडला. कातड्याच्या घडीत
केसांचा एक आकडा, गंजलेला,
आणि उंदरानं कुरतडलेला कागद, त्यावर आकडे :
दोन तीन दोन तीन.
आकडा मी खिशात ठेवलाय. कागद उंदराचा.

चार दिवस कानस चालली, टोकाशी, हलक्या हातानं.
जिभा इतक्या पातळ झाल्यात
की उजेडाला धरल्या तर थरथरतात.
सगळ्या चढल्या.
मधल्या सप्तकातली काळी दोन तेवढी ठेवलीय.
प्रार्थनेत ती लागत नाही,
शिपायाकडून विचारून घेतलं.

पावतीवर लिहिलंय :
एक सूर जुना असल्याने दुरुस्त होत नाही.
त्याचे पैसे लावलेले नाहीत.